म्हादूची मरणं

ज्वारी काढणीला आली की ते हातांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. ताटं पिवळी पडतात, पानं वाऱ्यावर कागदासारखी वाजतात आणि बोटांच्या पेरांतल्या जुन्या भेगा ठणकायला लागतात. आमच्या आष्टीच्या भागात ज्वारी मुळासकट उपटतात. वाकायचं, दोन-तीन ताटं मुठीत धरायची, हिसका द्यायचा, मुळाची माती झाडायची, पुढं सरकायचं. माझं आता वय झालं आहे, सगळ्या बायांच्या मागं मी असते. पण घरी बसवत नाही. घरी टीव्ही असतो, आणि टीव्हीवर माझा भाऊ केव्हाही मरतो.

परवा तसंच झालं. भाकरी न्यायला घरी आले, तर माझी धाकटी जाऊ कौसा तिच्या ओसरीवरून ओरडली, "आक्का, या की लवकर, म्हादूदादा मरायलेत!"

मी म्हटलं, "मरू दे. मला भाकरी बांधायचीत."

"लई वाईट मरायलेत हो. पोटात गोळी हाय."

"गोळीचं मी बघितलंय. त्यात तो पुलावर पडतो."

तरी गेले. दारातच उभी राहिले. पुलावर पडून म्हादू हिरोचा हात धरून काहीतरी सांगत होता, ओठांच्या कडेनं रक्त येत होतं. ते साखरेच्या पाकाचं असतं. मुंग्या लागायच्या त्याला, तासभर तसंच पडून राहावं लागलं की. मी पदरानं घाम पुसला आणि शेताकडं निघाले.

म्हादू माझ्या पाठचा. लहानपणी जत्रेतल्या नाटकात काम करायचा, तिथून पुण्याला गेला, पुण्याहून मुंबईला. त्याला मोठं काम कधी मिळालं नाही. हवालदार, ट्रकवाला, गिरणीतला कामगार, हिरोइनीचा आजारी बाप. नाव कुणाला माहीत नाही, पण तोंड बघितलं की लोक म्हणायचे, हा तो, मरतो तो. विहिरीत मेला, ट्रकखाली मेला, साप चावून मेला, खोकून खोकून मेला. एका मालिकेत जिन्यावरून पडला, तर ते पडणं आठवडाभर रोज थोडं थोडं दाखवत होते. दुसऱ्या एका मालिकेत तीन दिवस तिरडीवर पडून होता. तिसऱ्या दिवशी खरंच झोप लागली आणि बायका गळा काढून रडत असताना तो घोरला. सगळं पुन्हा करावं लागलं. हे सांगताना तो स्वतःच इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा.

त्यांच्याकडं एक रीत आहे म्हणे. मेल्याचं काम झालं की उठून बसायचं आणि कॅमेऱ्याकडं बघून हसायचं. म्हणजे मरण खोटं होतं हे मरणालाही कळतं. एकदा घाईत ते राहून गेलं, तेव्हा हा कॅमेऱ्यापुढं नुसता हसून यायला रात्रीतून परत गेला होता. मी त्याला वेडा म्हटलं. आता म्हणणार नाही.

शहरातल्या लोकांना तो मरायला बरा वाटायचा. आमच्याकडची माणसं काळी, वाळकी, गालफडं बसलेली. असं माणूस मेलं की बघणाऱ्याला वाईट वाटतं, पण फार वाईट वाटत नाही. पिक्चर पुढं चालू राहतो. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, त्यानंच सांगितलं होतं.

पहिल्यांदा मेला तेव्हा आम्ही सगळे ट्रॅक्टरमध्ये बसून आष्टीला पिक्चर बघायला गेलो होतो. आई पुढच्या रांगेत. म्हादू विहिरीच्या काठावरून मागं पडला आणि आई उभी राहून ओरडली, "म्हादू, काठ धर रं! काठ धर!" सगळं थेटर हसलं. घरी आल्यावर ती लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेऊन बसली. डोळ्यांनी बघितलंय तर सुतक फिटलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. म्हादू तेव्हा मुंबईत वडापाव खात असेल. आई जगली तोवर तिनं त्याच्या नावानं अशा कितीतरी अंघोळी केल्या. हिवाळ्यातसुद्धा.

आमची गंगू आत्या तर कडू घास घेऊन आली होती. ज्या घरात मयत होतं, तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. नात्यातलं कुणीतरी भाकरी-पिठलं बांधून आणतं, त्याला आम्ही कडू घास म्हणतो. आत्यानं मालिकेत त्याला चितेवर बघितलं. तिला कमी दिसायचं, ऐकायला त्याहून कमी यायचं. ती तशीच उठली, पिठलं केलं, दोन वाहनं बदलून रडत रडत आमच्या दारात आली. आणि दारात कोण, तर दिवाळीला आलेला म्हादू, दाढी करत बसलेला. तिची मटकन् बसायचीच वेळ आली. यानं तोंड धुतलं, गाठोडं सोडलं आणि सगळं पिठलं संपवलं. "आत्या, मीठ बेताचं झालंय. पुढच्या बारीला मिरची जरा वाढवा." आत्यानं त्याला चपलेनं मारलं होतं.

हसण्यासारखं आहे ते आधीच सांगून टाकलं. आता पुढचं.

म्हादू माझ्याकडं कायमचा आला तो संक्रांतीनंतर. एक बॅग, एक फाइल. एसटीतून उतरला तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी कामासाठी वाळला असेल. तसं तो करायचा. पण अन्ननलिकेत गाठ होती. बीडच्या डॉक्टरनं कागद बघितले आणि मला म्हणाला, "आजी, घरी न्या. जे खातील ते द्या." घशाखाली उतरत नव्हतं तर खाणार काय? मी ज्वारीची आंबील कपड्यातून गाळून द्यायचे. तीही अर्धी परत यायची.

त्यानं लग्न केलं नव्हतं. "माझी बायको महिन्याला रांडव व्हायची, कशाला बिचारीला?" असं म्हणायचा. आई-बाप गेलेले. मग माझ्याकडं नाही येणार तर कुठं जाईल? मधल्या खोलीत खाट टाकली. माझा नवरा त्याच खोलीत गेला होता, पण तो एका दुपारी झोपला आणि उठला नाही. त्याच्या मरणाला काही करावं लागलं नाही.

त्या दिवसांत आमचं गाव अर्धं रिकामं असतं. धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. माझा मुलगा अंकुश आणि सूनही गेली होती, तिकडं साखर कारखान्याच्या पट्ट्यात. मागं उरतो आम्ही म्हातारे, शाळेतली लेकरं आणि उभी ज्वारी. म्हादू आलाय हे कळल्यावर सगळे म्हातारे यायला लागले. बाजेला लागलेल्या माणसाकडं जायचं, बसायचं, बघायचं, ही आमची रीत. पण ते नुसतं बघायचे नाहीत.

"म्हादबा, त्या पिक्चरमदी तू डोळे कसे फिरवलेतेस रं? आमची तर दातखीळ बसलती."

"अन् ते खोकायचं? खरं खोकायचास का ते बी खोटं?"

म्हादू खाटेवरून बोटानं खूण करायचा, खोटं. मग ते हसायचे.

चार-आठ दिवसांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माणसं आली की म्हादू कण्हायचा. लांबलचक, चढउतार असलेलं कण्हणं, मान एका अंगाला टाकून. माणसं गेली की एकदम गप्प. खरी कळ यायची तेव्हा तो आवाज करायचा नाही. गुडघे पोटाशी घ्यायचा आणि भिंतीचा पोपडा नखानं खरवडायचा. तिथं भिंतीत बोटभर खड्डा झाला होता.

मी विचारलं, "लोकं आली की कावून कण्हतोस?"

त्याला बोलायला त्रास व्हायचा, कुजबुजल्यासारखा आवाज. म्हणाला, "मी न्हाई कण्हत आक्का. होतंय."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही.

पिक्चरमधल्या मरणाला वास नसतो. पाठीला फोड येत नाहीत. माशा बसत नाहीत. आणि त्याला वेळ लागत नाही, हे सगळ्यात मोठं खोटं. म्हादू दोन मिनिटांत मरायचा आणि त्या दोन मिनिटांत मुलीचं लग्न ठरवायचा, वैऱ्याला माफ करायचा, खुन्याचं नाव सांगायचा. इथं दिवस दिवस जायचे आणि दिवसभरात तो "पाणी" आणि "कूस बदल" एवढंच बोलायचा. मी कंटाळायचे. खोटं कशाला सांगू? ज्वारी वाळून चालली होती, पाखरं कणसं रिकामी करत होती आणि मी खोलीत बसून माशा हाकत होते. एकदा मनात आलं, आटप आता. त्याच्या तोंडाकडं बघूनच आलं.

अंकुशचा मामावर लई जीव. लहानपणी गोट्या खेळताना तो मामासारखा मरून दाखवायचा. कारखाना चालू असला की टोळी सोडून येता येत नाही, म्हणून त्यानं फोन केला, तोंड दिसतं तो. "माय, मामाला दाखव. सगळ्यांना बघायचंय." खोपीपुढं पाच-पंचवीस माणसं फोनभोवती गोळा झाली होती, आमच्याच भागातली. मी फोन म्हादूपुढं धरला.

आणि म्हादू उठून बसला. उशी न घेता. आठ दिवसांत जो आवाज निघाला नव्हता तो निघाला. हात जोडले, डोळे अर्धे मिटले. "लेकरांनो, मातीतून आलो, मातीत चाललो. कुणाचं काही चुकलं असंल तर मी विसरलो, माझं चुकलं असंल तर तुम्ही विसरा. अंकुशा, मायला जप." तिकडं बाया हुंदके द्यायला लागल्या. गडी माणसं तोंड फिरवून उभी राहिली. अंकुश "मामा, मामा" करत होता. म्हादूनं मान हळूच एका बाजूला कलती केली.

फोन बंद केला तसा तो पुढं कोसळला. रक्ताची उलटी झाली. या वेळी ते पाकाचं नव्हतं, काळं होतं, गुठळ्यांचं. दोन दिवस डोळा उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी उघडला तेव्हा मी त्याचं अंग पुसत होते. त्यानं माझं मनगट धरलं. थांबत थांबत जे बोलला ते सगळं जोडून सांगते.

"आक्का, मला मरताना कुणी बघू नये. कुणी बघतंय म्हटलं की माझं अंग आपोआप काम करायला लागतं. मला खरं मरता यायचं न्हाई. सगळा जल्म लोकं म्हणत आली, पुन्हा कर, नीट न्हाई झालं. ही एक बारी माझी मला राहू दे."

मी म्हटलं, "बरं. कुणाला येऊ देत न्हाई."

"तू बी न्हाई."

"मी तुझी बहीण हाय."

"तू बी बघू नको, आक्का. तुझ्यापुढं तर लईच चांगलं करावंसं वाटंल."

त्यानं माझ्याकडं सगळ्या आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. साडी-चोळी तोच आणायचा, मी त्याला कधी काही दिलं नव्हतं. आणि मागितलं तेही असलं की आमच्यात ते पाप. जाणाऱ्या माणसाभोवती घर गोळा होतं. ज्यानं त्यानं तोंडात चमचा चमचा पाणी घालायचं. पाण्यावाचून गेला तर जीव तहानलेला फिरतो म्हणतात. वैऱ्यालासुद्धा आम्ही एकटं मरू देत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी उंबऱ्यावर बसायला लागले. आले त्यांना चहा दिला आणि ओसरीवरूनच लावून दिलं. म्हातारे चिडले. एक जण म्हणाला, "काय गं, काय दडवून ठेवलंयस आत? भावाची पेटी हाय का?" मी म्हटलं, "हाय. तू मेल्यावर तुला देते." त्यानंतर तो आला नाही.

कौसाला खरं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. "आक्का, त्यांचं डोकं फिरलंय, तुमचं बी फिरलं का? पाणी कोण घालंल?" पाण्याचं मलाही लागत होतं. मग मी एक केलं. रोज सकाळी तुळशीचं पान बुडवून त्याच्या जिभेवर पाण्याचे चार थेंब सोडायचे, हेच शेवटचं असं समजून. एक थेंब आई-बापाच्या नावानं, एक माझा, एक अंकुशचा, एक गावाचा. असं सतरा दिवस मी त्याला शेवटचं पाणी पाजलं. उद्या गरज पडेल की नाही, हे माहीत नसायचं.

अंकुशला मात्र समजावता आलं नाही. तो रोज फोन करायचा, मी रोज नाही म्हणायचे.

"माय, मला एकदा बघू दे. लांबून बघतो. बोलत बी न्हाई."

"न्हाई."

"तू कोण आडवणारी? माझा मामा हाय तो!"

"त्यानंच सांगितलंय."

"त्याला काय कळतंय आता? त्याच्या मनात असंल, अंकुशानं बघावं. उद्या मी त्याचं तोंड कुठं बघू? टीव्हीत?"

मी फोन ठेवून द्यायचे. एकदा सून बोलली, म्हणाली, ते जेवत नाहीत. तरीही ठेवला.

ज्वारीला आणखी थांबता येईना. कौसानं बाया लावून उपटणी सुरू केली. मला शेतात जाता येत नव्हतं, म्हणून तिनं बैलगाडीनं थोड्या पेंढ्या अंगणात आणून टाकल्या, बसल्या जागी कणसं मोडायला. मी उंबऱ्यावर बसले, खोलीकडं पाठ करून. सगळी आळी शेतात होती. ऊन डोक्यावर आलं होतं. कणीस मोडलं की कट् असा आवाज होतो, आणि दोन कणसांच्या मधे मला म्हादूचा श्वास ऐकू यायचा. लांब पडत चालला होता. एक श्वास, मग मी तीन कणसं मोडायचे, मग दुसरा. मग पाच कणसं.

मला कळलं. कुणालाही कळलं असतं.

तेवढ्यात कौसा शेतातून पळत आली, हातात फोन. "आक्का, अंकुश हाय. रडायलाय. उसातच बसून राहिलाय, उठंना. म्हादूदादांना एकदा दाखवा हो, तुमच्या पाया पडते." आणि ती तशीच आत जायला निघाली. मी उठले नाही. पाय आडवा टाकला. ती अडखळली, भिंतीला धरून उभी राहिली. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

उसाच्या पाचटाचे कण केसांत, डोळे सुजलेले, असा माझा लेक समोर. "माय, मामा कसाय?"

"हाय."

"दाखव की गं."

मागं श्वास आला. मी मोजत होते.

"माय, फोन फिरव की. नुसता फिरव. माय!"

फोन फिरवायला काय लागतं? मनगट हलवायचं. माझ्या लेकाचं तोंड मला दिसत होतं आणि भावाचं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "अंकुश, माझ्याकडं बघ." आणि बंद केला. कौसाला म्हटलं, शेतात जा. ती माझ्याकडं सापाकडं बघावं तशी बघत गेली.

मी पेंढी ओढली. कणसं मोडायला लागले. सात झाली, आठ झाली. बारा झाली. ती पेंढी संपली. मी वळले नाही. मला वाटलं, घाईनं वळले आणि त्याचं अजून व्हायचं असलं तर? तो डोळे उघडेल आणि मला बघून मान एका बाजूला टाकेल. मी दुसरी पेंढी घेतली. तीही सगळी मोडली. अंगणातलं ऊन उंबऱ्याला लागलं तेव्हा उठले, उलट्या पावलांनी खोलीत गेले, हाताला लागलं ते पांघरूण मागच्या मागं त्याच्या तोंडावर ओढलं. मग हाक दिली.

रीतीप्रमाणे तोंड उघडून बघायचं असतं, ते बाकीच्यांनी बघितलं. मी नाही बघितलं. गावात अजून बोलतात. बहिणीनं भावाला कुत्र्यासारखं एकटं मरू दिलं म्हणतात. म्हणू देत, ते खरंच आहे.

अंकुश कारखाना बंद झाल्यावर आला. बॅग ठेवली, पाणीही घेतलं नाही. "माय, एकच सांग. लई तरास झाला का त्याला?"

नाही म्हणून टाकलं असतं तर तो जेवला असता. पण मी बघितलं नव्हतं. "मला ठाऊक न्हाई."

"तू हितंच होतीस ना?"

"पाठ करून होते."

"मग कोण होतं त्याच्यापाशी?"

"कुणी न्हाई."

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. सुगी, बाजार, औषध. एकाला दिलेला शब्द पाळला की दुसऱ्याचं काहीतरी मोडतं, हे मला त्या उंबऱ्यावर बसतानाच माहीत होतं. ते किती दिवस पुरतं, हे मात्र माहीत नव्हतं.

यंदा तो ऊसतोडीला गेला नाही. ज्वारी आम्ही दोघंच काढतो आहोत, एक-दोन बाया मदतीला. काल दुपारी भाकरी खाऊन बांधावर बसलो, तर तो सरकत माझ्याजवळ आला आणि फोन माझ्यापुढं धरला. म्हादू होता. दवाखान्यातली खाट, नाकात नळी, आचके देत होता.

"असा गेला का?" अंकुशनं विचारलं.

मी ऐकलं. बघायचं कारण नव्हतं. "न्हाई," म्हटलं. "एवढा आवाज नव्हता."

त्यानं बोटानं सरकवलं. दुसरा पिक्चर. म्हादू कुणाच्या तरी मांडीवर, हळूहळू नाव घेत.

"असा?"

"न्हाई. काही बोलला न्हाई."

 तो मान खाली घालून पुढचं शोधायला लागला. बाया उठल्या, कामाला लागल्या. मी उठले नाही. त्याला सापडेपर्यंत बसून राहिले.